उलटा पंप

११ फेब्रुवारी

पाणीपुरवठा खात्यात अडतीस वर्षं पंपांची नोंदवही लिहिली. तारीख, दाब, किती तास चालला, काय बिघडलं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी हात शिवशिवतात, म्हणून आज ही कोरी वही काढली. हिला, म्हणजे बायकोला, वाटलं मी आत्मचरित्र लिहायला बसलो. म्हणाली, "माझ्याबद्दल बरं लिहा." लिहितो. बरी आहे.

आज टेकडीच्या पायथ्याशी व्हॉल्व्हघरात गेलो होतो. तिथला व्हॉल्व्हवाला माझा जुना जोडीदार. अंगावर मूठभर मांस नाही, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणतात. आमच्या गावाचं पाणी टेकडीवरच्या तलावातून आपल्याच वजनानं खाली येतं. नव्वद मीटर उतार. खाली पोचेपर्यंत त्याला चौरस सेंटिमीटरला नऊ किलोचा दाब चढतो आणि तीन किलोच्या वर गावातले पाईप टिकत नाहीत. म्हणून मधे एक मोठा व्हॉल्व्ह अर्धवट मिटून बसलाय. तो सहा किलो दाब मारून टाकतो. त्या गर्जनेत पैलवान आणि मी इतकी वर्षं ओरडून बोललो, की आता घरीही ओरडूनच बोलतो.

आज त्या पाईपवर सहज हात ठेवला. पाईप थरथरत होता.

पैलवान म्हणाला, "काय रे, नाडी बघतोस काय?"

"सहा किलो दाब आपण रोज नुसता आवाजात घालवतो."

"मग काय बाटलीत भरतोस?"

घरी येताना हेच डोक्यात घोळत होतं.

१५ फेब्रुवारी

पंपाला वीज दिली की पंप पाणी ढकलतो. पाण्यानंच पंपाला ढकललं तर तो उलटा फिरेल आणि त्याची मोटर वीज देईल. यात माझा शोध काही नाही, लोक करतात असं. आपल्याकडे केलं नाही इतकंच. खात्याच्या आवारात एक जुना पंप गंजत पडलाय. मीच बसवलेला, मीच काढलेला. गणित करून पाहिलं. सात किलोवॉट तरी मिळतील.

सात किलोवॉट म्हणजे फार नाही. पण तलावापेक्षाही उंचावर टेकडीच्या माथ्याला एक वस्ती आहे. त्यांचं पाणी पंपानं चढवावं लागतं आणि विजेचा कोटा तोकडा म्हणून तो पंप दिवसाआड दोन तासच चालतो. ह्या सात किलोवॉटवर तो रोज चालेल.

जेवताना हे बारकीला सांगितलं. बारकी म्हणजे माझी लेक. चाळिशीची आहे, ऊर्जा खात्यात अवर सचिव आहे, पण जन्मली तेव्हा दोन हातांत मावायची, त्यामुळे घरात बारकीच राहिली. नवीकरणीय ऊर्जेच्या नव्या धोरणाचा मसुदा तिच्याच टेबलावर आहे, तीन वर्षं झाली. आधी डोळे मोठे करून ऐकत होती. "बाबा, हे खरंच चालेल?" म्हणाली. मग मी पाईपमधून पाणी कसं वळवायचं ते सांगू लागलो, तर एकदम ताट अर्धं ठेवून उठली.

माझं बोलणं लांबतं हे मला ठाऊक आहे.

४ मार्च

आज पंप चालला.

खात्यातल्या इंजिनिअरबाईंनी महिनाभराच्या चाचणीची लेखी परवानगी दिली होती. तरुण आहेत, पण कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी त्याच्या भोवती एकदा फिरून येतात. तेवढ्यावरच मला त्यांचा भरवसा वाटला. पंपाला नवं बेअरिंग घातलं, मुख्य पाईपला बगल देऊन जोडला. पैलवानानं चावी हळूहळू उघडली. आधी पंपानं कुरकुर केली, मग खोकला काढला आणि मग फिरू लागला. चाचणीसाठी टांगलेली दिव्यांची पट्टी पेटली.

आणि गंमत म्हणजे खोलीत एकदम शांतता. व्हॉल्व्हला मारायला दाबच उरला नव्हता. पैलवान आणि मी मात्र सवयीनं बोंबलतच होतो. इंजिनिअरबाई म्हणाल्या, "काका, मी इथेच आहे."

संध्याकाळपर्यंत वरच्या वस्तीच्या पंपाला जोडणी झाली. घरी येऊन बारकीला सांगितलं, "सहा पूर्णांक आठ." ती म्हणाली, "हो का, छान," आणि आपल्या खोलीत गेली. थकली असेल.

९ मार्च

सकाळी चहाच्या कपाखाली वर्तमानपत्र ठेवलेलं, सातवं पान वर येईल असं घडी घातलेलं. बारकी रोज वाचून झालं की पेपर खाटेवर विस्कटून जाते. आज सुधारलेली दिसली.

सातव्या पानावर सरकारी जाहिरात होती. नव्या धोरणाचा मसुदा प्रसिद्ध झालाय, हरकती आणि सूचना तीस दिवसांत पाठवाव्यात. वाचनालयात जाऊन सगळा मसुदा वाचला. ऊन, वारा, कचरा, सगळ्यांची सोय आहे. पाण्यापाशी आलो तर व्याख्या अशी: लघुजलविद्युत म्हणजे 'नैसर्गिक प्रवाहातील' पाण्यापासून निर्माण होणारी वीज.

दोनदा वाचलं. पाईप म्हणजे काही नैसर्गिक प्रवाह नव्हे. म्हणजे माझी वीज ही वीजच नाही. वीज कंपनी उद्या येऊन जोडणी तोडायला सांगू शकते आणि तिचं काही चुकणार नाही.

आणि हा शब्द लिहिला कुणी? माझ्या घरात राहते ती.

१० मार्च

आज बारकीला सरळ विचारलं. "ती व्याख्या तुझी का?"

"बाबा, या विषयावर मी घरी बोलू शकत नाही."

"मी गावाशी बोलत नाहीये, तुझ्याशी बोलतोय."

"म्हणूनच नाही बोलता येत."

दार लावून घेतलं तिनं. मी काही जहागीर मागत नव्हतो. एका शब्दाचं विचारत होतो. रात्रशाळा करून फिटर झालो, जादा पाळ्या करून लेकीला शिकवलं आणि आज तिला माझ्याशी बोलायला सरकारची बंदी. नाकापेक्षा मोती जड झाला.

११ मार्च

कालचं शेवटचं वाक्य चुकीचं आहे. पण नोंदवहीत खाडाखोड करायची नसते, म्हणून राहू देतो. बारकीशी बोललो मात्र नाही. ही म्हणाली, "तुम्हाला पाण्याचा दाब कळतो हो, माणसाचा नाही कळत." तिला काय म्हणायचं होतं ते विचारलं, तर भाजी चिरायला लागली.

१७ मार्च

हरकत लिहिली. सहा दिवस लागले, चार कागद फाडले. पंप कसा चालतो, वरच्या वस्तीला तेरा दिवस रोज पाणी कसं मिळतंय, सगळं सरळ लिहिलं. पाठवण्याआधी बारकीसमोर ठेवून म्हटलं, "शुद्धलेखन तरी बघ."

कागद विंचू असावा तशी ती खुर्ची मागे सरकवून उठली. "बाबा, तो मला दाखवू नका. पण खाली तुमची सही आहे ना? पूर्ण नावानं?"

"मग काय टोपणनावानं करू?"

"नाही. पूर्ण नावानंच करा." एवढं म्हणून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेली. तिच्या खात्यात आपलं आडनाव झळकणार म्हणून धास्तावली असावी. मी हरकत स्वतः नेऊन दिली. शिक्का मारून पोच घेतली.

२२ मार्च

बारकी गेले तीन दिवस साडेपाचलाच घरी येते. आधी आठ वाजायचे. विचारलं तर म्हणाली, काम कमी झालंय. धोरणाचा मसुदा बाहेर पडला की खालच्या लोकांना उसंत मिळत असेल. मला बरं वाटलं. चेहऱ्यावर तेज यायला पाहिजे होतं, ते मात्र अजून आलेलं नाही.

आज एका खोक्यात टेबलावरचं सामान घरी घेऊन आली. पेनांचा मग, शाल, एक लहानसं रोप. म्हणाली, ऑफिसला रंग देतायत. हिनं रोप खिडकीत ठेवलं आणि बराच वेळ त्याला पाणी घालत बसली. इतक्या पाण्यानं ते कुजेल असं मी सांगितलं. दोघींनीही माझ्याकडे पाहिलं.

३० मार्च

वीज कंपनीची नोटीस आली. मान्यता नसलेला स्रोत, जोडणी चोवीस तासांत तोडावी. इंजिनिअरबाईंकडून खुलासाही मागवलाय, परवानगी कुठल्या नियमाखाली दिली म्हणून.

चावी मीच बंद केली. दुसऱ्या कुणाला करू दिली नाही. पंप थांबला आणि व्हॉल्व्ह पुन्हा गर्जायला लागला.

इंजिनिअरबाईंना म्हटलं, "माझ्या हौसेपायी तुमच्या नोकरीला घोर लागला."

त्या म्हणाल्या, "काका, वरच्या वस्तीत सव्वीस दिवस रोज पाणी आलं. खुलाशात तेच लिहिणार आहे."

दुपारी त्या वस्तीतली शिवणकाम करणारी बाई घरी आली. आल्या आल्या विचारलं, "पाणी परत दिवसाआड का झालं?" तिला व्याख्या समजावून सांगायला गेलो. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "म्हणजे पाणी आहे, पंप आहे, वीज आहे आणि शब्द नाही?" मी हो म्हटलं. तिनं चहा घेतला नाही.

हे सगळं बारकी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. जेवायला आली नाही.

१६ एप्रिल

सुनावणीचं पत्र आलं. चोवीस तारखेला अकरा वाजता हजर राहावे. हिनं माझा एकुलता एक कोट उन्हात घातला.

२४ एप्रिल

नीट क्रमानं लिहितो.

लांब टेबल, तीन जण, मधे अध्यक्ष. पांढऱ्या केसांच्या बाई, चष्मा नाकाच्या टोकावर. मसुदा ज्याच्या पुढ्यात होता तो अधिकारी अनोळखी होता. बारकी कुठेच नव्हती. वाटलं, बापाची लाज वाटली असेल, आज रजा टाकली असेल. इतक्या वर्षांत मी पंपासमोर सोडून कुठे बोललेलो नाही.

माझ्याआधी एका मोठ्या कंपनीचे वकील उठले. त्यांची हरकतही त्याच शब्दाला होती. 'नैसर्गिक' हा शब्द गाळून टाका म्हणाले. माझ्याकडे वळून हसले आणि हळूच म्हणाले, "काका, आपण एकाच होडीत आहोत."

अध्यक्षबाईंनी विचारलं, "हा शब्द का घातला ते माहीत आहे ना? तो नसेल तर कुणीही कोळशाच्या विजेवर पाणी डोंगरावर चढवील, दुसऱ्या दिवशी खाली सोडील आणि ही बघा स्वच्छ वीज म्हणून सरकारची सवलत घेईल. तुमच्या कंपनीची योजना तीच आहे ना?"

वकील बरंच बोलले, पण नाही म्हणाले नाहीत.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्या लेकीनं शब्द उगीच घातला नव्हता. व्हॉल्व्ह बसवला होता. मी दीड महिना त्या व्हॉल्व्हवर राग धरून बसलो होतो.

मग माझी पाळी आली. अध्यक्षबाईंनी विचारलं, "तुमचंही म्हणणं शब्द काढावा असंच आहे?"

अर्जात मी तसंच लिहिलं होतं. वकील मान डोलावत होते. वरच्या वस्तीतली ती बाई डोळ्यांसमोर आली. नुसतं हो म्हटलं असतं तर कदाचित काम झालंही असतं.

म्हटलं, "नाही बाई. मी लिहिलं ते चुकलं. शब्द राहू द्या. तो काढला तर मोठी माणसं त्यातून हत्ती नेतील. पण व्हॉल्व्ह काढायचा नसला तर आम्ही शेजारून बगल देतो, तशी एक वाट द्या. जे पाणी लोकांना प्यायला तसंही खाली यायचंच आहे आणि विजेसाठी कुणी वर चढवलेलं नाही, तेवढं धरा."

बाईंनी चष्मा काढला. "पुन्हा सांगा. सावकाश." मी सांगितलं, त्या अनोळखी अधिकाऱ्यानं लिहून घेतलं.

उठता उठता बाई म्हणाल्या, "इतिवृत्तात एक नोंद घ्या. अर्जदाराची मुलगी याच खात्यात असून मसुदा त्यांनीच केला होता. वडिलांची हरकत येताच, अठरा मार्चला, त्यांनी लेखी कळवून या कामातून स्वतःला बाजूला केलं. त्यांच्याच विनंतीवरून त्यांची बदली अभिलेख शाखेत झाली आहे."

अठरा मार्च. मी हरकत दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी.

रंग वगैरे काही देत नव्हते. बाहेर येऊन पायरीवर बसलो. कोटाचं बटण तुटलं होतं, ते हातात धरून बसलो. किती वेळ ते नोंदवलेलं नाही.

घरी येऊन हिला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तिनं शपथ घातली होती. तुम्हाला कळलं असतं तर हरकत मागे घेतली असतीत. घेतली असतीत की नाही?"

घेतली असती.

२५ एप्रिल

अभिलेख शाखा तळघरात आहे. जिना उतरून गेलो. कपाटांच्या रांगा, जुन्या कागदांचा वास, एक पंखा. बारकी नाकाला रुमाल बांधून फायलींवर आकडे टाकत होती. मला बघून उभी राहिली. मी काय बोलायचं ते जिन्यात पाठ केलं होतं, पण तोंडातून निघालं ते असं, "इथे ओल फार आहे. पाईप गळतोय कुठेतरी."

"मागच्या भिंतीत," ती म्हणाली. "मी तक्रार दिलीय."

मग स्टुलावर बसलो. म्हटलं, "तीन वर्षं घातलीस त्या कामात. शेवटच्या महिन्यात सोडलंस."

"मी तिथे बसले असते तर तुमचं म्हणणं खरं असूनही कुणाला खरं वाटलं नसतं. बापासाठी नियम वाकवला म्हणाले असते आणि कंपन्यांच्या वकिलांनी तर सगळा मसुदाच कोर्टात नेला असता."

"माझ्यामुळे झालं."

"नाही बाबा. चूक माझी होती. पाईप माझ्या डोक्यातच आला नाही. लहानपणी दर रविवारी तुम्ही मला तिथे न्यायचात, मी कानांवर हात ठेवून बसायचे. आणि तीन वर्षं पाण्याची व्याख्या लिहिताना मला एकदासुद्धा ती खोली आठवली नाही. तुम्ही जेवताना सांगितलंत तेव्हा आठवली. तोवर मसुदा छापायला गेला होता."

तिचे डोळे भरले. माझ्याकडे रुमाल नव्हता, तिच्या नाकावर होता. ते बघून आधी ती हसली, मग मी.

निघताना म्हणाली, "धोरण राजपत्रात येईपर्यंत मी काही विचारणार नाही. तुम्हीही सांगू नका."

"बरं," म्हटलं. मनात होतं, सचिवांना भेटून बारकीला परत वर आणावं. ओळखून म्हणाली, "आणि कुणाला भेटायला जाऊ नका." गेलो नाही.

२ जून

अडतीस दिवसांत पंपाबद्दल घरात अक्षर नाही. बारकी हवापाणी, शेजारी, रोप यांवर बोलते. रोप जगलं. इंजिनिअरबाईंना नुसती समज देऊन सोडलं. त्या म्हणतात, समज आधीच होती, आता दोन झाल्या.

६ जुलै

बारकी साडेपाचला आली, हातात राजपत्राची प्रत. चपलाही न काढता टेबलापाशी बसली आणि वाचलं: "'तथापि, अन्य लोकोपयोगी प्रयोजनार्थ गुरुत्वबलाने वाहणारे व वीजनिर्मितीच्या हेतूने उपसा न केलेले वाहिनीगत जल हे या व्याख्येच्या प्रयोजनार्थ नैसर्गिक प्रवाह समजण्यात येईल.'"

मी म्हटलं, "हे कुणी म्हटलंय?"

"तुम्ही."

"मी असं कधी बोललो?"

"चोवीस एप्रिलला. इतिवृत्त आजच आमच्याकडे जमा झालं." माझं वाक्य सुटाबुटात निघालं होतं, म्हणून मला ओळखू आलं नाही.

मग तिनं कागद बाजूला ठेवला, टेबलावर दोन्ही कोपरं टेकली आणि म्हणाली, "आता सांगा. पंप उलटा फिरतो तेव्हा पाणी आधी कुठे आदळतं?"

मी वाटीत चमचा फिरवून दाखवलं. तिनं दुसरा प्रश्न विचारला, मग तिसरा. मोटर किती तापते, बेअरिंग कोणत्या बाजूनं झिजतं, पैलवानाला ते एकट्याला सांभाळता येईल का. इतके महिने साठवून ठेवले होते सगळे. मी पेपराच्या कडेवर आकृत्या काढत गेलो.

मधेच म्हणाली, "वरचा पंप अचानक बंद पडला तर? विजेला गिऱ्हाईक उरणार नाही, पण पाणी तर ढकलतच राहणार. मग हा पंप भन्नाट फिरत सुटेल ना?"

मी पेन खाली ठेवलं. याचा विचार मी केलाच नव्हता. सव्वीस दिवस आमचं नशीब सरळ होतं, एवढंच.

"चावी आपोआप मिटायला पाहिजे," मी म्हटलं.

"पण झटक्यानं मिटली तर पाईप फुटेल."

"म्हणजे वजन लावून, सावकाश."

"किती सावकाश?"

ही म्हणाली, जेवण गार झालं. कुणी उठलं नाही.

२ ऑगस्ट

आत दाब ९, बाहेर ३. वीज ६.८. हजर: मी, पैलवान, इंजिनिअरबाई, बारकी आणि ही. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, हिनं व्हॉल्व्हघर आज पहिल्यांदा पाहिलं. सगळीकडे नजर फिरवून म्हणाली, "बसायला एक खुर्ची तरी ठेवायची." वरच्या वस्तीतली शिवणकाम करणारी बाई फोनवर होती. पाणी आलं का विचारलं, तर म्हणाली, "आलं, पण जरा उशिरा सोडत जा, आम्ही झोपेत असतो."

मग बारकी म्हणाली, वरचा पंप मुद्दाम बंद करून बघू. इंजिनिअरबाईंनी यंत्राभोवती एकदा चक्कर मारली आणि बटण दाबलं. आमचा पंप गरगरायला लागला, आवाज चढत गेला, पैलवान दोन पावलं मागे सरकला. बारकी घड्याळात बघत होती. वजन सावकाश खाली आलं, चावी मिटत गेली, पाणी जुन्या वाटेनं वळलं. बावीस सेकंद. पाईपनं हूं की चूं केलं नाही.

"ठीक आहे," बारकी म्हणाली. "पुन्हा चालू करा बाबा."

केला.